रेडिएटरच्या पाण्याने खाल्लेलं इंजिन: बांधायचं की बदलायचं?

प्रश्न भांडुपच्या एका भाजी व्यापाऱ्याचा आहे. थोडक्यात असा: 2011 सालची डिझेल पिकअप, अडीच लिटर, चार सिलिंडर, ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचं झाकण), ओले लायनर (ज्यांच्या बाहेरून पाणी खेळतं त्या सिलिंडरच्या बाह्या). रोज पहाटे वाशीच्या मार्केटमधून माल आणि हंगामात माळशेज घाटातून नारायणगावला टोमॅटोच्या फेऱ्या. काही महिन्यांपासून गाडी रोज पाणी मागायला लागली, घाटात काटा लाल पट्टीत जायला लागला. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत विटकरी गाळ. गॅरेजवाल्याने इंजिन उतरवून हेड खोललं. हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्यात, वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) आतल्या पंख्याची पाती अर्धी उरलीत, एक कोर प्लग (पाण्याच्या वाटेवरच्या भोकाचं पत्र्याचं बूच) अंगठ्याने दाबला तर आत गेला. तिसरा लायनर काढून पाहिला तर बाहेरून खड्डेच खड्डे. ऑइल दुधाळ. गॅरेजवाला म्हणतो, कुर्ल्याहून जुनं इंजिन 45 हजारांत बसवून देतो. लेथवाला म्हणतो, हेच इंजिन 70 हजारांत बांधून देतो. मेहुणे म्हणतात, विकून मोकळे व्हा. कोणाचं ऐकावं?

सध्या कोणाचंच नाही. तिघांनी तीन मतं दिली, पण ब्लॉकला, म्हणजे लायनर ज्यात बसतात त्या इंजिनाच्या मूळ सांगाड्याला, माप लावलेलं एकानेही नाही. तुमच्या गाडीचा निकाल ब्लॉक देणार आहे. हेड दुरुस्त होतं, नाहीतर नवीन मिळतं. लायनर, पिस्टन, रिंग या झिजायच्याच वस्तू, त्यांचा किट येतो. ब्लॉकमध्ये लायनर ज्या खाचेवर बसतो ती जागा, खाली ओ-रिंग (रबरी कडी) जिथे पाणी अडवते ती जागा आणि हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील) बसतं तो वरचा माथा, या तीन ठिकाणी गंज किती खोल गेलाय यावर बांधायचं की बदलायचं ते ठरतं. माझा कल बांधण्याकडे आहे आणि का ते सांगतो. पण ब्लॉक धुऊन, मोजून, प्रेशर टेस्ट करून हातात येईपर्यंत कोणालाही ॲडव्हान्स देऊ नका.

आता हे झालं कशाने ते बघू, कारण इंजिन कोणतंही बसवलं तरी हेच पाणी त्यातून फिरणार आहे.

मुंबईत ड्रायव्हर मंडळींचा एक ठरलेला युक्तिवाद असतो: इथे कुठे बर्फ पडतो, मग कूलंटवर पैसे कशाला? कूलंटचं अर्धं काम पाणी गोठू न देण्याचं आहे हे खरं, आणि ते आपल्याला लागत नाही. उरलेलं अर्धं काम गंज थांबवण्याचं आहे आणि खारी दमट हवा, दिवसभर गरम इंजिन, तासन्‌तास ट्रॅफिक अशा ठिकाणी ते जास्तच लागतं. कूलंटमध्ये पाणी गोठू न देणाऱ्या ग्लायकॉलसोबत गंजरोधक रसायनं असतात. ती धातूवर पातळ थर धरतात आणि हळूहळू खर्च होतात. जुन्या पद्धतीचा कूलंट साधारण दोन वर्षांत थकतो, नवीन सेंद्रिय आम्लांवर आधारलेला पाचेक वर्षं चालतो. थकलेल्या कूलंटचं ग्लायकॉल तापून तापून स्वतःच आंबट होत जातं. म्हणजे संपलेला कूलंट तसाच ठेवला की तोच इंजिन खायला लागतो. त्यात रोज लिटरभर साधं पाणी ओतत गेलं की चार-सहा महिन्यांत आत कूलंट नावालाही उरत नाही.

पाण्यापाण्यातही फरक आहे. मुंबई महापालिकेचं नळाचं पाणी तलावांत साठलेलं पावसाचं असतं, त्यामुळे ते तसं मऊ. तरी त्यात क्लोरीन असतंच आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला सोसत नाही. खरी वाट लावतं ते बोअरचं आणि टँकरचं पाणी. खाडीलगतच्या बोअरला मचूळ पाणी लागतं आणि ते रेडिएटरमध्ये घालणं म्हणजे मीठच घालणं. घाटात गाडी तापली की धाब्यावरच्या हापशाचं पाणी जातं, तेही क्षारांचं. तुमच्या रेडिएटरमधला विटकरी गाळ म्हणजे ब्लॉकच्या आतल्या भिंतींचं विरघळलेलं लोखंड आहे. पांढरट चिकट थर दिसत असेल तर तो क्षारांचा आणि ॲल्युमिनियमच्या गंजाचा.

याच्या जोडीला विजेचं एक प्रकरण असतं आणि ते गॅरेजमध्ये सहसा कोणी बघत नाही. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याला शिशाचं डाक. एवढे धातू एकाच पाण्यात उभे आणि पाण्यातला गंजरोधक संपलेला, की त्यांच्यात आपोआप बॅटरी तयार होते आणि मार ॲल्युमिनियम खातं. त्यात पिकअपवर जादा दिवे, प्रेशर हॉर्न, टेप बसवताना अर्थिंग कुठेही मारलेलं असतं. चेसिसची अर्थिंगची पट्टी गंजली की करंट परतीची वाट पाण्यातून शोधतो. गाडी पुन्हा उभी राहिली की मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी रेडिएटरच्या पाण्यात धरा, धातूला न लावता. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर ठीक. 0.3 च्या वर गेला तर कूलंट तरी संपलाय किंवा अर्थिंग तरी खराब आहे. मग एकेक दिवा, हॉर्न, सेल्फ चालू करून बघा, कशाने काटा उडतो ते लगेच कळतं.

आता काढलेल्या लायनरकडे या. तो फेकू देऊ नका, सगळा पुरावा त्याच्यावर आहे. बाहेरून वायर ब्रश मारा, उन्हात आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. खड्डे सगळीकडे सारखे पसरलेत की एका उभ्या पट्ट्यात गोळा झालेत ते बघायचं. सगळीकडे तपकिरी, खडबडीत पण उथळ असेल तर तो साधा गंज. पण टाचणीने टोचल्यासारखी बारीक, खोल भोकं वरून खाली एका पट्ट्यात असतील आणि तो पट्टा गाडीच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला येत असेल, तर ते काम बुडबुड्यांचं आहे. पिस्टन खाली ढकलला जाताना लायनरच्या एका कुशीवर आपटतो. त्या दणक्याने लायनर थरथरतो. भिंत पाण्यापासून क्षणभर मागे सरकते तेव्हा तिथे दाब पडून वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात, भिंत परत येते तेव्हा ते फुटतात आणि प्रत्येक फुटण्याबरोबर पाण्याची सुईसारखी धार लोखंडावर बसते. चांगल्या कूलंटचा थर हा मार स्वतःवर घेतो आणि पुन्हा धरतो. साध्या पाण्यात थरच नसतो, मार थेट लोखंडाला बसतो, आणि एक दिवस भोक आरपार होऊन पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

तिसरी शक्यता लायनरच्या खालच्या टोकाला, ओ-रिंगच्या खाचेपाशी. तिथे पाणी हलत नाही, गाळ साचतो आणि खाच आतल्या आत कुजते. तिथून पाणी सरळ ऑइल चेंबरमध्ये जातं. तुमचं ऑइल दुधाळ आहे म्हणून ही जागा नीट बघा. लायनरची बाजू वाईट असली तरी हरकत नाही, लायनर नवा येईल. त्याच्या समोरची ब्लॉकमधली बाजू बोटाने चाचपा. तिथे नखाला खड्डा लागत असेल तर पुढची सगळी चर्चा त्या खड्ड्याभोवती होणार.

जुने मिस्त्री एक उपाय करायचे: खड्डे उथळ असतील तर लायनर 90 अंशात फिरवून बसवायचे, म्हणजे मार नव्या बाजूला बसतो. पूर्वी लायनर मिळायची मारामार होती तेव्हा ते ठीक होतं. तुमच्या इंजिनात बोअर आतून अंडाकृती झिजलेला असणार, फिरवला की रिंगा धरणार नाहीत आणि गाडी ऑइल प्यायला लागेल. चारही लायनर नवे घ्या. तिसरा गेला तर पहिला, दुसरा, चौथा त्याच वाटेवर आहेत.

ऑइल दुधाळ आहे म्हणजे हेड गॅस्केट गेलं, असं सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. पण आधी ऑइल कूलर तपासा. ज्या इंजिनात ऑइल पाण्याने थंड होतं तिथे हा छोटा कूलर आतून गंजून फुटतो आणि ऑइल-पाणी एक होतं. हेड, गॅस्केट, लायनर सगळं नवं घालून पुन्हा दुधाळ ऑइल दिसलं की गॅरेजवाला डोक्याला हात लावतो, ते बऱ्याचदा यामुळे. गाडीला ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर पाण्याने गार करणारा) असेल तर तोही. तो आतून फुटला की पाणी धुरातून उडून जातं, ऑइल स्वच्छ राहतं आणि सगळे हेडच्या मागे लागतात. दोन्ही कूलर हवा भरून पाण्याच्या बादलीत बुडवले की पाच मिनिटांत निकाल लागतो. मला विचाराल तर गंजलेल्या इंजिनाचा ऑइल कूलर टेस्ट पास झाला तरी बदलावा.

ज्यांची गाडी अजून चालू आहे आणि हीच शंका आहे त्यांच्यासाठी जाता जाता: पावसाळ्यात ऑइल फिलरच्या झाकणाखाली थोडी पांढरट मलई दिसली म्हणून घाबरू नका, ती दमट हवेची आणि छोट्या फेऱ्यांची. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा ड्रेन नट हळूच ढिला करा. पाणी जड, ते तळाशी बसतं. ऑइलच्या आधी पाणी टपकलं तर गोष्ट खरी. आणि मग गाडीला सेल्फ मारू नका. लायनरच्या भोकातून रात्रीत सिलिंडरमध्ये पाणी उतरलं असेल तर सकाळच्या पहिल्या सेल्फला कनेक्टिंग रॉड वाकतो. तुमच्या गाडीचेही चारही रॉड मशीन शॉपमध्ये सरळ आहेत का ते बघून घ्या, पाणी उतरलेलंच आहे.

दुधाळ ऑइलवर गाडी किती चालली तेही खरं खरं सांगा, निदान स्वतःला. पाणी किंवा ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल बेअरिंगला वंगण देत नाही. मेन आणि बिग एंड बेअरिंग उघडून बघा. पृष्ठभाग काळपट, झिजून आतला तांबूस थर दिसत असेल तर बेअरिंग तर गेलीच, क्रँकही (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) मोजावा लागेल. एक साइज ग्राइंड करून चालेल का ते माप सांगेल. हे काम 70 हजारांच्या अंदाजात धरलंय का ते लेथवाल्याला आत्ताच विचारा, नाहीतर मध्येच फोन येतो की शेठ, क्रँकपण गेलाय.

मशीन शॉपला काय सांगायचं? ब्लॉक आणि हेड केमिकलच्या टाकीत उकळून काढा. ॲल्युमिनियमच्या हेडला कॉस्टिक नको, ते ॲल्युमिनियम खातं, हे शॉपवाल्याला माहीत असतं पण पोऱ्याला नसतं. सगळे कोर प्लग काढून आतला गाळ पूर्ण उपसा, विशेषतः शेवटच्या सिलिंडरच्या मागचा. तिथे पाणी सर्वात सुस्त असतं आणि गाळाचा थर इतका घट्ट बसतो की सळईने खरवडावा लागतो. मग हेड गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबाने टेस्ट करा. गार हेड पास होतं आणि गरम झालं की चीर उघडते, म्हणून गरम टेस्टचाच आग्रह धरा. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली चीर ही हेडची नेहमीची जागा. हेड पुन्हा पुन्हा तापलंय, तेव्हा त्याचा कडकपणा मोजणाऱ्या शॉपकडेच द्या. ॲल्युमिनियम एकदा फार तापलं की मऊ पडतं, कितीही सरळ केलं तरी पुन्हा वाकतं. मऊ पडलेलं हेड टाकून द्यायचं, त्यावर चर्चा नाही.

हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्यात त्या आर्गन वेल्डिंगने भरून, फेस करून (मशीनवर सपाट करून) नीट होतात. फक्त एक बघा: गॅस्केटवर सिलिंडरभोवती जी धातूची कडी असते तिची खूण हेडवर उमटलेली दिसते. गंज त्या खुणेच्या बाहेर असेल तर वेल्डिंग टिकतं. खुणेच्या आत शिरला असेल तर मी नवीन हेडच घेतो, कारण तिथे ज्वाला आणि दाब दोन्ही असतात. फेस करताना हेडची उंची किती उरली ते मोजून लिहून द्यायला सांगा. कंपनीने दिलेल्या किमान उंचीच्या खाली गेलं तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात. काही इंजिनांना वेगवेगळ्या जाडीची गॅस्केट येतात, काठावरच्या खाचांवरून किंवा भोकांवरून जाडी ओळखायची. पिस्टन माथ्याच्या किती वर येतो ते मोजून गॅस्केट निवडायचं, दुकानदार देईल ते नाही.

ब्लॉकचंही तसंच. लायनर ज्या खाचेवर बसतो ती खाच खाल्ली असेल तर मशीनवर समतल करून खाली शिम (धातूची पातळ कडी) घालता येते. लायनर ब्लॉकच्या माथ्यावर काही शतांश मिलिमीटर वर राहायला हवा, आणि चारही जवळजवळ सारखे. हे डायल गेजने मोजायचं काम. पट्टी धरून आणि डोळा मिटून होत नाही. एक लायनर खाली राहिला की त्याच सिलिंडरचं गॅस्केट पुन्हा उडतं आणि खापर गॅस्केटच्या कंपनीवर फुटतं. खालची ओ-रिंगची जागा खोल खाल्ली असेल, किंवा दोन सिलिंडरच्या मधल्या भिंतीला चीर असेल, तर ब्लॉक सोडून द्या. अशा ब्लॉकला मेटल इपॉक्सी भरून देणारे आहेत. भाजीच्या धंद्यात पहाटे तीनला गाडी बंद पडणं तुम्हाला परवडत असेल तर भरा.

म्हणजे हिशेब असा होतो. तिन्ही जागा शाबूत किंवा मशीनने सुधारण्यासारख्या असतील तर हेच इंजिन बांधा. ब्लॉक गेला असेल पण हेड सुधारत असेल, तर कंपनीचं हाफ इंजिन मिळतं का बघा. त्यात ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळं बसवून येतं. महाग वाटतं, पण क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, लायनर किट आणि मजुरी जोडलीत तर फरक वाटतो तेवढा राहत नाही. ब्लॉक आणि हेड दोन्ही गेले तर मग जुन्या इंजिनाचा विषय काढू.

आता कुर्ला. कपाडिया नगर, सीएसटी रोडच्या जुन्या पार्टच्या बाजाराला नावं ठेवायचा माझा हेतू नाही, कित्येक गाड्या त्या बाजारामुळे रस्त्यावर आहेत. मला तिथला दरवाजा हवा असेल, गिअरबॉक्स हवा असेल तर मी पहिला तिथे जाईन. इंजिनाचं गणित वेगळं आहे. तिथलं तुमच्या मॉडेलचं इंजिन ज्या गाडीतून निघालं ती तुमच्यासारखीच पिकअप होती, तशाच ड्रायव्हरची, तशाच पाण्यावर चाललेली. बाहेरून डिझेलने धुऊन, सिल्व्हर रंग मारून ठेवलेलं असतं. रंग पाण्याच्या वाटांमध्ये जात नाही. आणि ते बहुतेक वेळा बाकावर सुरू करून दाखवतात, विनारेडिएटर, मिनिटभर. गंजलेलं इंजिनही मिनिटभर छान वाजतं.

तरी घ्यायचंच ठरलं तर वॉटर बॉडी उघडायला लावा. चार-पाच बोल्ट असतात, नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पंख्याची पाती पूर्ण आहेत का आणि आतल्या पोकळीचा रंग काय, एवढ्यावरून अर्धं कळतं. थर्मोस्टॅटचं (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेचं) घर उघडून आत टॉर्च मारा. एखादा कोर प्लग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, आवाज टणक यायला हवा. ऑइल फिलरमध्ये बोट घाला. आणि भाव ठरवताना लायनर, रिंग, बेअरिंग, गॅस्केट किट आपण घालणारच आहोत असं धरून चाला. 45 हजारांत हे सगळं मिळवलं की आकडा लेथवाल्याच्या 70 हजारांच्या पुढे जातो. हातात मात्र ब्लॉक अनोळखी राहतो. हे गॅरेजवाला सांगत नाही, कारण त्याला इंजिन काढून इंजिन घालायचंय, एका दिवसाचं काम.

कागदांचा भाग वेगळाच. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे असा बदल 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंदवायचा असतो. त्यासाठी त्या इंजिनाचं बिल हवं, ते कोणत्या गाडीतून निघालं याचा कागद हवा. नंबर खरवडलेला, ठोकलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला असेल तर फुकट दिलं तरी नको. तुमची गाडी मालवाहू आणि आठ वर्षांपुढची, तिचं पासिंग दरवर्षी. इन्स्पेक्टरने नंबर ताडून बघितला आणि जुळला नाही, तर गाडी उभी आणि चौकशी तुमची. इंधन आणि बीएस (प्रदूषण मानकाची) श्रेणीही तीच हवी. कॉमन रेल इंजिन असेल तर प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो, ते न करता बसवलं तर इंजिन थरथरतं आणि धूर करतं. आपलाच ब्लॉक बांधला तर यातलं काहीच करावं लागत नाही.

मेहुण्यांचं मत मी उडवून लावत नाही. 15 वर्षं झाली की फिटनेसची फी वाढते, पर्यावरण कर तुम्ही भरतच आहात. चेसिस बघा. मागच्या स्प्रिंगचे ब्रॅकेट, केबिनचे माउंटिंग, हौद्याखालचे आडवे चॅनेल हातोडीने ठोका. मासळी वाहणाऱ्या गाड्यांचं चेसिस बर्फाच्या खाऱ्या पाण्याने आतून पोकळ होतं, तिथे इंजिनावर पैसा घालणं वाया. भाजीच्या गाडीचं सहसा एवढं होत नाही. चेसिस टणक वाजलं तर बांधा. फक्त उघडं इंजिन पोत्यात भरून गाडी विकायला काढू नका, भंगाराचाच भाव येईल.

बांधायचं ठरलं तर लेथवाल्याच्या अंदाजात नसणारा एक खर्च आहे आणि तो टाळायचा नाही: रेडिएटर आणि पाण्याची सगळी लाइन. तुमच्या ब्लॉकमधला गाळ रेडिएटरच्या नळ्यांतही आहे. तांब्या-पितळेचा असेल तर वरची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर सरळ नवीन. वॉटर बॉडी नवी, थर्मोस्टॅट नवा, होज आणि क्लिपा नव्या, कोर प्लग सगळे नवे, पितळेचे मिळाले तर उत्तम. रेडिएटरचं झाकणही नवं, आणि त्यावर जुन्या झाकणावर होता तोच दाबाचा आकडा. झाकण दाब धरत नसेल तर पाणी लवकर उकळतं आणि लायनरवरचे ते बुडबुडेही लवकर होतात. सगळ्यात स्वस्त पार्ट, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे.

थर्मोस्टॅटबद्दल भांडण होणार हे गृहीत धरा. मिस्त्री म्हणेल, मुंबईत कशाला, काढून टाकतो, गाडी गार राहील. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो, पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच परत फिरतो आणि नेमकी घाटात गाडी तापते. बाकीच्या वेळी इंजिन गरजेपेक्षा गार चालतं, लायनर झिजतो, ऑइलमध्ये काजळी साठते. बसवताना गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का ते बघा आणि बसवा.

हळद, लीक बंद करणारी पावडर, अंड्याचा बलक, काही म्हणजे काही रेडिएटरमध्ये जाता कामा नये. रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यासाठी हळद चालते हे मलाही माहीत आहे. पण ती पुढे थर्मोस्टॅटमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसते. संडास धुवायचं ॲसिड घालून रेडिएटर साफ करणारेही आहेत. त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा.

कूलंट कोणता? मॅन्युअलमध्ये लिहिलाय तो, आणि ओल्या लायनरच्या डिझेलसाठी आहे असं डब्यावर स्पष्ट हवं. भारतीय मानक आयएस 5759 चा उल्लेख असेल तर बरं. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल हे कंपनीचे रंग आहेत, जातीचा पुरावा नाही. दोन जाती मिसळल्या तर गंजरोधक लवकर संपतात आणि कधी कधी जेलीसारखं साचतं. अर्धा कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी. पाणी वाढवलंत तरी कूलंट एक तृतीयांशाच्या खाली नको, त्याखाली गंजरोधक पुरत नाहीत. एसीचं टपकलेलं पाणी फुकट मिळतं म्हणून वापरतात, पण ते कॉइलवरून धूळ आणि तांबं घेऊन येतं. डिस्टिल्ड, म्हणजे बॅटरीच्या पाण्याचा कॅन काही महाग नाही. आणि त्याच मिश्रणाची दोन लिटरची बाटली सीटखाली कायम ठेवा, म्हणजे घाटात हापसा शोधावा लागणार नाही.

बांधताना दोन गोष्टींवर स्वतः उभे राहा. हेड बोल्टची ब्लॉकमधली भोकं टॅप मारून, हवा मारून कोरडी करायची. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉकच तडकतो. आणि बोल्ट अंशात (ठरलेल्या कोनात फिरवून) आवळायचे असतील तर ते एकदाच वापरायचे, नवे घ्या. टॉर्क रेंच नसलेल्या माणसाने हेड आवळू नये, मग तो कितीही अनुभवी असो. पाणी भरताना हळू भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा. इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी बघा. पहिल्या हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, तोवर पूर्ण लोडने घाट नको.

आता मला पुढचं सांगता यावं म्हणून मशीन शॉपकडून चार गोष्टी लिहून घ्या: हेडची उरलेली उंची आणि कडकपणा, लायनरच्या खाचेची चारही सिलिंडरची खोली, खालच्या ओ-रिंगच्या जागेचा फोटो, आणि क्रँकच्या जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांची) मापं. गरम प्रेशर टेस्टला तुम्ही समोर असाल तर बुडबुडे कुठून आले तेही बघून ठेवा. तोपर्यंत तिसरा लायनर आणि जुनं गॅस्केट गॅरेजमधून घरी आणून ठेवा, नाहीतर भंगारवाला घेऊन जाईल.